पाचातल्या पाच

माड पडायच्या आधी मी त्याला हात पुढे केला होता. त्याने तो धरला नाही. पाय फाकवून, दोन्ही हात मोकळे सोडून तो ओटीच्या मधोमध उभा होता. मी दारालगतचा खांब कवटाळून ओरडत होते, "तांडेल, हिकडं या! खांब धरा!" त्याने माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. मग कौलं, वासे आणि माडाचा बुंधा सगळं एकदमच खाली आलं. त्याचा आवाज मला ऐकू आला नाही, वाऱ्याचा आवाज त्याहून मोठा होता. धूळही उडाली नाही, सगळं ओलं होतं. ओटी होती तिथे झावळ्यांचा ढीग होता आणि त्या ढिगातून त्याचा एक पाय बाहेर आला होता. तो हलत नव्हता.

हे जूनमधलं वादळ. वटपौर्णिमेला दोन दिवस होते, वेळ दुपारची. दिवेआगरपासून आमची वाडी लांब नाही. त्या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी माड-पोफळी झोपल्या, पण आमच्या आळीतली माणसं वाचली, कारण ती शाळेच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसली होती. तांडेल गेला नाही. का गेला नाही ते मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

तो माझा घरमालक. तीस वर्षं त्याने खाडीत उतारूंची लाँच चालवली, आगरदांड्याहून दिघी, दिघीहून आगरदांडा. लाँच चालवणारा तो तांडेल, म्हणून गाव त्याला तांडेलच म्हणायचं. त्याला तोंडावर मी 'तुमी' म्हणायचे. आता 'तो' लिहितेय. मान देऊन मेलेलं माणूस परत येत नाही.

मी त्याच्या वाडीत सुपारी सोलायला आले होते. नवरा गेला होता, भावाच्या घरात मला जागा नव्हती. हंगाम संपला तरी मी गेले नाही आणि त्यानेही जा म्हटलं नाही. मागच्या पडवीत माझी चूल, पुढच्या ओटीवर त्याची आरामखुर्ची. त्या खुर्चीत तो कधी बसला नाही, तिच्यावर टॉवेल वाळत घालायचा.

बसायचा तेव्हा जमिनीवर बसायचा. उभा असला की मात्र कशालाही टेकायचा नाही. भिंतीला नाही, दाराला नाही, विहिरीच्या कठड्याला नाही. एसटीत सीट रिकामी असली तर बसेल, नसली तर वरची दांडी धरणार नाही. कंडक्टर ओरडायचा, "ओ म्हातारबा, धरा की!" तर हा म्हणायचा, "तू तिकीट फाड." लाँचीत जो टेका घेतो तो उतारू, असं त्याचं म्हणणं. खलाशी आपल्या पायांवर उभा राहतो. लाँच डावीकडे कलली की उजवा गुडघा वाकवायचा, एवढंच शिक्षण. हे तो मला शंभर वेळा सांगून चुकला होता. मी म्हणायचे, "हितं जमीन हलतेय का?" तो म्हणायचा, "हलंल."

दुसरं वेड बंदुकीचं. हरिहरेश्वरच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर तो तरुणपणी एवढा पटाईत होता, की त्याला येताना बघून फुगेवाला पाणी प्यायला निघून जायचा. लाँच सोडल्यावर त्याने स्वतःची छऱ्याची बंदूक घेतली. लांबलचक, नळी मधून मोडून छर्रा भरायची. गावाला वाटलं वानरांसाठी. वानरांवर त्याने एक छर्रा उडवला नाही. उलट तीच कौलांवर ओळीने बसून त्याची नेमबाजी बघायची. तो मारायचा फक्त सुपाऱ्या. दोन खांबांना दोरी, दोरीला दोऱ्याने टांगलेल्या पाच सुपाऱ्या, पंधरा पावलांवरून, उभ्याने, कशाचाही आधार न घेता.

त्याचा मुलगा नवी मुंबईत असतो. चांगला आहे, उगाच वाईट का म्हणू. एका गणपतीत आला आणि बापाच्या मागे लागला.

"बाबा, एकटे किती दिवस राहणार? इकडे पडलात तर?"

"पडलो तर उठीन."

"आणि नाही उठलात तर?"

"तर तुला फोन करायला बाय हाय." बाय म्हणजे मी.

"बाबा, सीरियसली बोलतोय मी. आमच्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे."

तांडेलने खुर्चीवरच्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "लाँचीचा दर वर्साला सर्व्हे होतो. पास झाली तर चालवायची, नापास झाली की पान्यातनं वर काढायची. माझाबी सर्व्हे करू. दर पौर्णिमेला. पाच सुपाऱ्या, उभ्यानं, बिनटेक्यानं. तीन लागल्या तर मी हितं. दोन लागल्या तर त्याच दिवशी पिशवी भरतो."

मुलगा हसला. "आणि लागल्या की नाही ते कोण बघणार?"

"बाय बघंल. ती माझा पुढचा खलाशी."

हे नीट सांगायला पाहिजे. लाँच धक्क्याला लागताना तांडेल मागे असतो, त्याला पुढचं पाणी दिसत नाही. पुढे उभा असलेला खलाशी ओरडतो, 'मोकळं!' तो ओरडला की तांडेल वाकून बघत नाही, लाँच आत घालतो. खलाशाच्या शब्दावर उतारूंचे जीव असतात. तसं मी खांबांजवळ विहिरीच्या चिऱ्याच्या भिंतीआड उभं राहायचं आणि 'लागली' किंवा 'गेली' ओरडायचं. त्याला मोतीबिंदू होता. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून सुपारी दिसायची, पण फुटली की नुसती हलली ते कळायचं नाही. तो मला कधीही सुपारी दाखव म्हणाला नाही.

दोन वर्षं तो धड पास होत होता. मग डावा खांदा धरला. लांब बंदुकीचं तोंड जड. डावा हात पुढे ताणून ते पेलायचं, तर वीस मोजेपर्यंत नळी हवेत गोल काढायला लागायची. एका पौर्णिमेला तीन लागल्या, तिसरी कशीबशी. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे गेला आणि आंब्याच्या फळीच्या तीन खोट्या बंदुका करून आणल्या. एक लांब, एक मध्यम, एक अगदी आखूड. जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली. कधी ती फळीच्या पुढच्या टोकाला बांधायची, कधी मध्ये, कधी मागे खांद्याशी. आणि अंगणात ती फळी खांद्याला लावून उभं राहायचं. मी एक-दोन-तीन मोजायचं. मोजायला माझी चौथी पुरेशी होती. टोक हललं की थांबायचं आणि आकडा त्याने कोळशाने भिंतीवर लिहायचा. आठ दिवस हे चाललं. रस्त्यावरून जाणारे थांबायचे.

"काय तांडेल, लढाई कोणाशी?"

"म्हातारपणाशी. तुझ्याकडंबी येनारय, घाई करू नको."

शेवटी भिंतीवरच्या आकड्यांवरून ठरलं. लांबी दोन हातांपेक्षा कमी. वजन सगळं मागे, गालाखाली आणि खांद्याशी. मग डावा हात ताणायला लागत नाही, जवळ दुमडून राहतो आणि साठ मोजेपर्यंत टोक जागचं हलत नाही. मला वाटलं, आता अशी बंदूक जगात असेल तर ना! मुलाने फोनवर शोधून सांगितलं, असते. तिचा चाप पुढे आणि सगळं यंत्र चापाच्या मागे, गालाखाली. परवाना लागत नाही, आधार कार्ड न्या.

होळीनंतर आम्ही मुंबईला गेलो. मांडव्याहून लाँचीने, दुसरं कशाने तो गेला नसता. तासभर तो लाँचीच्या मधोमध हात सोडून उभा होता. मी बाजूला बसून ओकत होते. मी ओकत असताना मला म्हणाला, "उतारू."

बंदुकांच्या दुकानातला पोरगा आधी खूप गोड बोलला. मग तांडेलने बंदूक खांद्याला लावली आणि म्हणाला, "बाय, मोज." मी मोजायला लागले, मोठ्याने, जशी अंगणात मोजायचे तशी.

"काका, हे दुकान आहे, शाळा नाही."

"तू गप. बाय, तुझं चालू दे."

प्रत्येक बंदुकीची त्याने एकच परीक्षा केली. डोळे मिटायचे, बंदूक उचलून खांद्याला आणि गालाला लावायची, मग डोळे उघडायचे. दुर्बीण आपोआप डोळ्यासमोर आली पाहिजे. पहिली आखूड बंदूक लावली तर मान खाली घालावी लागली. "मान वाकवून बगायचं ते चोरानं," म्हणून परत दिली. दुसरीचा छर्रा भरायचा खटका पार मागे, कानाजवळ. दर छऱ्याला ती खांद्यावरून खाली घ्यावी लागायची. तीही परत. तिसरीचा खटका पुढे, चापाच्या वर, हाताशी. डोळे उघडले तर मान सरळ आणि डोळा बरोब्बर दुर्बिणीत. मी साठ मोजले. ऐंशी मोजले. दुकानातला पोरगाही आता नळीकडे बघत होता.

तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, ह्यात एक आहे. चाप पुढे आणि काम मागे, मध्ये सळई. त्यामुळे चाप जरा मऊ लागतो, नक्की कधी सुटेल ते कळत नाही. नवीन माणसाला जमत नाही."

तांडेल पहिल्यांदा हसला. "माझ्या लाँचीचं चाक पुढं आनि सुकाणू मागं. मधी साखळी. तीस वर्सं मी पुढं फिरवलंय आनि मागं वळलंय. दे ही."

पोरगा म्हणाला, "आणि डावं कोपर बरगडीला टेकवा. अजून स्थिर राहील."

हे ऐकून त्याचा चेहरा पडला. बंदूक खाली ठेवून तो विचार करत बसला. मग म्हणाला, "आपलीच बरगडी हाय. आपल्या हाडाला टेका न्हाय म्हनत."

मी म्हटलं, "टेका तो टेकाच."

"तुझं हाड असतं तर टेका. माझं हाय."

त्या बंदुकीत हवा भरावी लागायची, उभ्या पंपाने, सायकलच्या पंपापेक्षा दसपट जड. त्याच्या खांद्याने ते होण्यासारखं नव्हतं. मी पन्नास वेळा अंगाचा भार टाकून दाबायचे, बसायचे, पुन्हा पन्नास. काटा वर चढला की तो मान हलवायचा. मी विचारायचे, "टेका चालत न्हाय, दुसऱ्याची हवा चालते व्हय?" तो म्हणायचा, "लाँचीतलं डिझेल काय माझं होतं?"

ती बंदूक खरंच चांगली होती. एप्रिल, मे, सगळा पावसाळा त्याने चार-चार सुपाऱ्या काढल्या. पडवीच्या दारातून, पाऊस पडत असताना. मुलाचा संध्याकाळी फोन यायचा. तो मला द्यायचा. "किती?" "चार." "बरं." एवढंच बोलणं. तांडेल तेव्हा पाठ करून उभा असायचा, पण कान इकडे.

दिवाळीच्या सुमाराला त्याचा उजवा हातही कापायला लागला. वजन कुठेही ठेवा, कापऱ्या बोटाला बंदूक काय करणार? कार्तिकी पौर्णिमेच्या आधी चार दिवस मी सराव बघत होते. रोज एक लागायची. एक दिवस तीही नाही. मी खरं तेच ओरडत होते, 'गेली, गेली.' तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून पिशवी काढली, झटकली आणि खुंटीला अडकवली.

ती पिशवी मी बघितली आणि ठरवलं. लोक म्हणतील, बाईला म्हाताऱ्याची दया आली. दया नव्हती. तो गेला तर घराला कुलूप लागणार. कुलूप लागलं तर माझी चूल कुठे? भावाच्या दारात पुन्हा उभं राहायचं नव्हतं. मी माझ्या पडवीसाठी केलं.

बाजारातून तंगूस आणला, मासे गरवायचा, पाण्यात आणि हवेत न दिसणारा. पाचही सुपाऱ्यांना वेगवेगळा बांधला आणि टोकं विहिरीच्या भिंतीआड घेतली. सुपाऱ्या टांगल्या त्या कुजक्या दोऱ्यावर. बंदुकीचा फट् आवाज आला की मी हिसका द्यायचे. दोरा तुटायचा, सुपारी उडून खाली पडायची. मी ओरडायचे, "लागली!"

कार्तिकीला तीन ओढल्या. त्याने पिशवी पुन्हा माळ्यावर टाकली. मार्गशीर्षात तीन, पौषात तीन. माघाच्या पौर्णिमेला दोन ओढून सोडून द्याव्यात असं मनात आलं होतं. मुलगा त्या महिन्यात गाडी घेऊन आला होता, अलगद घेऊन गेला असता. पण तांडेलने सकाळीच अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. मी तीन ओढल्या. मग फाल्गुन आला आणि त्यानंतर कोरोनाने सगळे रस्ते बंद झाले. मुलगा तिकडे, आम्ही इकडे.

वैशाखी पौर्णिमेला तांडेल फार खचलेला होता. बाहेर कोणी येत नव्हतं, जात नव्हतं. पेपर नव्हता. बंदूक उचलताना म्हणाला, "बाय, आज काय खरं न्हाय." मला त्याचा राग आला. आणि मी चूक केली. तीन पुरेशा होत्या. मी पाच ओढल्या.

पाचवी पडली तेव्हा तो बंदूक खाली घेऊन तसाच उभा राहिला. मग मला म्हणाला, "ऐकलंस? पाचातल्या पाच. जत्रेतबी असं झालं न्हवतं." त्या दिवशी त्याने मला गूळ-खोबरं दिलं. फोन स्वतः घेतला. मुलाला म्हणाला, "माझी काळजी करू नको. मी अजून दहा वर्सं पास हाय."

वादळाच्या आदल्या संध्याकाळी गाडी भोंगा वाजवत फिरली. कौलारू घरातल्यांनी शाळेत जा, रात्रीच जा. मुलाने फोनवर हात जोडले असतील, आवाजावरून तसं वाटत होतं. "बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे. शाळेत जा."

"तिकडं भिंतीला टेकून बसलेली मान्सं असतील. मी काय करू तिकडं?"

सकाळी शेजारचे निघाले. मी माझं बोचकं बांधलं होतं. म्हटलं, "चला, तांडेल."

"महिन्यामागं पाचातल्या पाच लागल्यात. सर्व्हे पास झालेली लाँच कोन वर काढतं?"

"जूनमंदी सगळेच होड्या वर काढतात."

"मी होडी न्हाय."

तेव्हा सांगायचं होतं. सांगायला मी तोंड उघडलंही. "तांडेल, त्या सुपाऱ्या..."

"काय?"

त्याच्या तोंडावर अजून त्या पाचांचा आनंद होता. महिना होऊन गेला तरी. मी म्हटलं, "काय न्हाय." बोचकं सोडून ठेवलं. मी शाळेत जाऊ शकले असते. पण पाच मी दिल्या होत्या.

दुपारी त्याने ओटीवर जागा निवडली. घर हलायला लागलं तसा तो डावा-उजवा गुडघा वाकवत उभा राहिला, लाँचीत राहायचा तसा. मला वाटतं त्याला बरं वाटत होतं. एकदा मागे वळून मला ओरडून म्हणाला, "हलतेय बग जमीन!" पुढचं मी सुरुवातीलाच लिहिलं आहे.

संध्याकाळी शाळेतली माणसं परत आली, त्यांनी करवतीने बुंधा कापला. जागीच गेला होता. माझ्या कपाळाला कौल लागलं होतं, बाकी काही नाही. मुलाला प्रवासाचा पास काढून यायला चार दिवस लागले. तोवर सगळं उरकलं होतं.

मुलगा मोडक्या ओटीवर बसला होता. मला विचारलं, "मावशी, पाच लागल्या होत्या ना? मग खांदा बरा असणार. मग ते हलले का नाहीत?"

"एकबी लागली न्हवती," मी म्हटलं. "मी तंगूस लावून ओढत होते."

"कधीपासून?"

"कार्तिकीपासून."

"म्हणजे मी गाडी घेऊन आलो होतो तेव्हा..."

"व्हय. तेव्हाबी."

तो उठून वाडीत गेला. आडव्या पोफळींमधून पार समुद्राकडच्या कुंपणापर्यंत गेला आणि बऱ्याच वेळाने आला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. निघताना बंदूक नेली नाही. ती आतल्या कपाटात होती, तिला ओरखडा नव्हता. काटा बघितला तर हवा तशीच भरलेली. मी भरलेली.

पंधरा दिवसांनी त्याने टेम्पोतून पत्रे पाठवले. कामगाराला सांगून पाठवलं होतं की आधी मावशीच्या पडवीवर घाला. मुख्य घर त्याने अजून उभं केलेलं नाही. पडवी आहे, तिच्यात मी राहते. ज्याच्यासाठी केलं ते मला मिळालं.

ओटीचा खांब अजून तिथेच आहे. त्या दुपारी घरात आम्ही दोघं होतो. मी खांब धरला होता. मी वाचले.